आधी ताळा, मग आज्ञावली

त्रेचाळीस गुणिले सव्वीस किती? १,११८. हे उत्तर बरोबर आले की नाही, हे पुन्हा गुणाकार न करता पाहण्याची एक जुनी युक्ती तुमच्यापैकी काहींना आजोबांनी शिकवली असेल. ४३ मधील अंकांची बेरीज ७, आणि २६ मधील अंकांची ८. सात आठे छप्पन्न. ५ आणि ६ मिळून ११, आणि १ व १ मिळून २. आता उत्तराकडे वळा. १, १, १ आणि ८ यांची बेरीज ११, म्हणजे पुन्हा २. दोन्हीकडे २ आले, ताळा जुळला. याला नवाचा ताळा म्हणतात.

आता समजा, घाईघाईत शेवटचे दोन अंक उलटसुलट होऊन १,१८१ असे उत्तर लिहिले गेले. अंकांची बेरीज ११ च राहते आणि ताळा जुळतो! म्हणजे ताळा जुळला नाही तर उत्तर नक्की चूक. पण ताळा जुळला म्हणून उत्तर नक्की बरोबर, असे मात्र म्हणता येत नाही. ही गोष्ट मनात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

विद्यार्थी मित्रांनो, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक शाळेच्या आधीच्या इयत्तांपासून संगणकाच्या आज्ञावल्या लिहावयास शिकवाव्यात असे सुचविले आहे. तुमच्यातील पुष्कळजण त्या लिहूही लागले आहेत. परंतु गणिताच्या वहीत जो ताळा आपण घेतो, तो संगणकापुढे बसल्यावर आपल्याला आठवत नाही. आज्ञावली लिहिली, एकदा चालवून पाहिली, पडद्यावर हवे ते उत्तर उमटले, की "चालली!" म्हणून आपण मोकळे होतो. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेतही तेवढेच पाहिले जाते. माझे मत याच्या अगदी उलट आहे. ज्या आज्ञावलीबरोबर तिचा ताळा लिहिलेला नाही ती अर्धीच झाली असे समजावे. आणि शक्य तेथे तो ताळा आज्ञावलीच्या आधी लिहावा. असे का, ते रत्नागिरीच्या रेल्वे स्थानकाचे उदाहरण घेऊन सांगतो.

कोकण रेल्वेचा रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णपणे खुला झाला. त्यावरील सर्वांत लांब बोगदा, साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा, रत्नागिरीच्या अलीकडेच लागतो. डोंगर फोडून आणि दऱ्या ओलांडून नेलेल्या या मार्गावर पावसाळ्यात दरडींचे भय असते. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ आणि पुढच्याच वर्षी जूनमध्ये मत्स्यगंधा एक्स्प्रेसला झालेले भीषण अपघात मोठ्यांच्या स्मरणात आहेत. दोन्हींचे कारण रुळांवर आलेले दगड. म्हणून पावसाळ्यात या मार्गावर गाड्या सावकाश चालवितात. जोराच्या पावसात पुढचे नीट दिसेनासे झाले तर वेग ताशी ४० किलोमीटरवर आणावा अशी चालकांना सूचना असते. साहजिकच गाड्यांच्या वेळा बदलतात आणि रेल्वे दरवर्षी निराळे पावसाळी वेळापत्रक काढते. अनेक वर्षे ते १० जूनपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे १४४ दिवस लागू असे.

आता समजा, तुमच्या वर्गाने ठरविले की, 'अमुक गाडी अमुक दिवशी रत्नागिरीला किती वाजता येते?' या प्रश्नाचे उत्तर देणारी एक छोटीशी सेवा तयार करावयाची. (अभ्यासापुरती, हं! प्रवासाला निघताना रेल्वेची अधिकृत माहितीच पाहावी.) कोणाच्याही मोबाइलवरून प्रश्न यावा आणि तुमच्या संगणकाने उत्तर धाडावे. अशा सोयीला वेब सर्व्हिस म्हणतात. आपण तिला जालसेवा म्हणू.

जालसेवा बांधण्याच्या अनेक पद्धती आहेत. त्यांतील आज फार प्रचलित असलेल्या पद्धतीचे नाव 'रेस्ट'. रॉय फील्डिंग या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेला सादर केलेल्या प्रबंधात ती मांडली. तिचे शास्त्र मोठे आहे, पण मर्म स्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत सापडते. तुम्ही खिडकीशी जाता, पूर्ण प्रश्न विचारता, उत्तर घेऊन बाजूला होता. आतील माणूस तुम्हाला लक्षात ठेवीत नाही. पुन्हा काही विचारावयाचे असेल तर "मघाशी म्हटले त्या गाडीचे" असे म्हणून भागत नाही. गाडी, दिवस, स्थानक, सगळे पुन्हा सांगावे लागते. रेस्टमधील प्रत्येक विनंतीही अशीच स्वयंपूर्ण असते. आपल्या सेवेपुढे येणारी विनंती साधारण अशी दिसेल:

गेट /गाड्या/१०१०३/रत्नागिरी?दिनांक=२०२४-०६-१०

'गेट' म्हणजे 'मला माहिती दे'. १०१०३ हा मुंबईहून येणाऱ्या मांडवी एक्स्प्रेसचा क्रमांक. उत्तरासोबत तीन अंकी सांकेतिक क्रमांक येतो. २०० म्हणजे ठीक. ४०४ हा तर तुम्ही कधी ना कधी पडद्यावर पाहिलाच असेल: मागितलेली वस्तू येथे नाही.

या सेवेच्या पोटात चार-पाच लहान कामे चालतात. आलेली विनंती वाचणे. त्या तारखेला कोणते वेळापत्रक लागू आहे ते ठरविणे. साठ्यातून वेळ काढणे. उत्तर बांधून पाठविणे. प्रत्येक काम करणारा आज्ञावलीचा तुकडा वेगळा ठेवता येतो. त्या एकट्या तुकड्याचा ताळा घेणे याला युनिट टेस्ट, म्हणजे एकक-चाचणी म्हणतात. ही चाचणीदेखील एक छोटी आज्ञावलीच असते. ती तुकड्याला एक ठरावीक प्रश्न देते, आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहते आणि जुळले नाही तर ओरडते. बस्स, यापलीकडे तिच्यात गूढ असे काही नाही.

आपण दुसरा तुकडा घेऊ, वेळापत्रक ठरविण्याचा. एका विद्यार्थ्याने तो असा लिहिला: 'महिना जून असेल आणि तारीख १० पेक्षा मोठी असेल, किंवा महिना जुलै ते ऑक्टोबर यांपैकी असेल, तर पावसाळी, एरव्ही नेहमीचे.' त्याने २० जुलै तारीख घालून पाहिली. उत्तर आले, पावसाळी. १५ जानेवारी घालून पाहिली. नेहमीचे. दोन्ही बरोबर! सेवा सुरू झाली, जानेवारीपासून मेपर्यंत शेकडो लोकांनी तिच्याकडून वेळा विचारल्या आणि एकही चुकली नाही.

तुमच्या ध्यानात चूक आली का? 'दहापेक्षा मोठी' या शब्दांत दहा येत नाही. ही आज्ञावली वर्षाचे ३६४ दिवस खरे बोलते आणि केवळ १० जूनला खोटे. त्या एका दिवशी कोणी लांज्याहून एस. टी. ने, कोणी संगमेश्वराहून जीपने, परीक्षेला किंवा इस्पितळात मुंबईला जाण्यासाठी म्हणून गावाबाहेरच्या स्थानकावर पोहोचेल, तेव्हा कदाचित गाडी निघून गेलेली असेल. आणि चूक शोधावयास तुम्ही बसाल ११ जूनला, तेव्हा सेवा पुन्हा अगदी बरोबर उत्तर देत असेल!

म्हणून ताळा कोठे घ्यावा याला महत्त्व आहे. मधल्या तारखा कितीही घातल्या तरी नवे काही कळत नाही. २० जुलै बरोबर तर २१ जुलैही बरोबर असणार. चूक लपते ती कडेला, जेथे एक नियम संपतो आणि दुसरा सुरू होतो तेथे. या तुकड्यासाठी चार तारखा मोलाच्या आहेत: ९ जून, १० जून, ३१ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर. अपेक्षित उत्तरे अनुक्रमे नेहमीचे, पावसाळी, पावसाळी, नेहमीचे. चार ओळींच्या चार चाचण्या. ज्याने आज्ञावलीपूर्वी या चार ओळी लिहिल्या असतील त्याच्या हातून 'पेक्षा मोठी' हे शब्द सुटले तरी संगणक त्याच क्षणी त्याला अडवील. तांबडी खूण दिसेल, तो 'दहा किंवा त्याहून मोठी' अशी दुरुस्ती करील आणि मग चहा प्यायला जाईल.

आणखी एक गंमत पाहा. पुष्कळ नवशिके वेळापत्रक ठरविणाऱ्या तुकड्याच्या आतच संगणकाच्या घड्याळाकडून आजची तारीख घेतात. वरवर पाहता सोयीचे वाटते. पण मग १० जूनची चाचणी घ्यावयाची कशी? १० जूनची वाट पाहत बसावे काय? यावर उपाय सोपा आहे: तारीख तुकड्याने स्वतः शोधू नये, ती त्याला बाहेरून द्यावी. एवढा बदल केला की वर्षातील कोणताही दिवस आपल्या मुठीत येतो. ताळा घेता येईल अशा रीतीने लिहावयाचे ठरविले की आज्ञावलीची मांडणीच सुधारते, असा हा आडून होणारा लाभ आहे. चाचणी आधी लिहावी या आग्रहामागे माझ्या मते हेच सर्वांत बळकट कारण आहे.

तिसरा तुकडा साठ्यातून वेळ काढतो. साठा बहुधा दुसऱ्या एखाद्या संगणकावर असतो, मध्ये तारा आणि मनोरे असतात. जुलैमध्ये रत्नागिरीत वीज आणि इंटरनेट यांचा काय भरवसा हे तुम्हाला मी सांगावयास नको! प्रत्येक वेळी खऱ्या साठ्याला विचारून चाचणी घ्यावयाची म्हटले तर ती कधी सावकाश होईल, कधी होणारच नाही; आणि नापास झाली तर दोष आपल्या तुकड्याचा की पडलेल्या झाडाचा, हे कळणार नाही. येथे नाटकवाल्यांची रीत उपयोगी पडते. तालमीला एखादा नट आला नाही तर दुसरा कोणी पुस्तक हातात धरून त्याची वाक्ये म्हणतो, आणि बाकीच्यांची तालीम अडत नाही. एकक-चाचणीतही खऱ्या साठ्याच्या जागी असा एक बदली साठा उभा करतात. इंग्रजीत त्याला मॉक किंवा स्टब म्हणतात. '१०१०३ ची पावसाळी वेळ विचारली की अमुक सांग', एवढेच त्याला पढविलेले असते.

बदली नटाचा खरा फायदा मात्र वेगळाच आहे. तो आपण सांगू तेव्हा आजारी पडतो! खरा साठा बंद पडण्याची वाट पाहावी लागते. बदली साठ्याला 'आता उत्तर देऊ नकोस' असे सांगितले की झाले. मग पाहावे, आपली सेवा अशा वेळी काय करते? 'सध्या माहिती मिळत नाही' असे प्रांजळपणे सांगून ५०३ हा क्रमांक धाडते, की रिकामी वेळ धाडते, की ००:०० अशी वेळ धाडून प्रवाशाला मध्यरात्री स्थानकावर बोलावते? हा शेवटचा प्रकार दुर्मिळ नाही. जेथे वेळ नाही तेथे शून्य धरणारी आज्ञावली हसत हसत अशी उत्तरे देते.

हे सांकेतिक क्रमांक म्हणजे नुसता उपचार आहे असे समजू नका. चारशेच्या घरातले क्रमांक सांगतात की चूक विचारणाऱ्याची. पाचशेच्या घरातले सांगतात की दोष आमच्याकडचा. तुमच्या सेवेला कोणी '३१ जून' ही तारीख घालून विचारले तर उत्तर ४०० हवे, कारण अशी तारीखच नसते. ९९९९९ क्रमांकाची गाडी विचारली आणि ती तुमच्या यादीत नसेल, तर ४०४. आता कोकणकन्येचे पाहा. तिचा पूर्वीचा क्रमांक १०१११ होता; ती अतिजलद झाल्यावर २०१११ झाला. जुन्या सवयीने कोणी १०१११ विचारले तर काय सांगाल? 'येथे नाही' म्हणून हात झटकाल, की ३०१ हा क्रमांक देऊन 'पत्ता कायमचा बदलला, तिकडे जा' असे सुचवाल? मी दुसरे करीन. परंतु जे काही ठरवाल त्याची चाचणी लिहून ठेवा, म्हणजे सहा महिन्यांनी तुमच्याच वर्गातला दुसरा कोणी ते नकळत बदलणार नाही. मला सर्वांत राग येतो तो २०० क्रमांकाच्या लिफाफ्यात 'चूक झाली' अशी चिठ्ठी घालून पाठविणाऱ्या सेवांचा. बाहेरून सर्व ठीक, आत गोंधळ! लिफाफा पाहून पुढचे काम करणारा दुसरा संगणक अशाने हमखास फसतो. याचीही चाचणी एका ओळीची असते, आणि तरी ती लिहिली जात नाही.

आतापर्यंत आपली सेवा नुसती माहिती देत होती. माहिती दहा वेळा विचारली तरी कोणाचे काही बिघडत नाही. पण काही विनंत्या साठ्यात भर घालतात. त्यांना 'पोस्ट' म्हणतात. समजा, एप्रिल महिन्यात एका बागायतदाराने हापूसच्या पेट्यांची मागणी नोंदविण्यासाठी अशीच जालसेवा ठेवली आहे. एस. टी. त बसलेल्या गिऱ्हाइकाने एक पेटी मागविली. विनंती पोहोचली, नोंद झाली. पण पोचपावती परत येण्याच्या आत गाडी घाटात शिरली आणि संपर्क तुटला. गिऱ्हाइकाला वाटले नोंद झालीच नाही. घाट उतरल्यावर त्याने पुन्हा बटण दाबले. दोन पेट्या निघाल्या! पैसे आधीच खात्यातून गेले असतील तर भांडणाला निमित्त झाले. यावर तोड अशी: प्रत्येक मागणीला गिऱ्हाइकाच्या मोबाइलनेच एक वेगळी खूण द्यावी, आणि तीच खूण दुसऱ्यांदा आली तर सेवेने नवी नोंद न करता जुनीच पावती परत द्यावी. चाचणी ओघानेच सुचते. एकाच खुणेची विनंती दोनदा द्या, आणि बदली साठ्यात नोंदी किती ते मोजा. एक असेल तर ठीक. ही चाचणी घ्यायला घाट लागत नाही आणि आंबाही लागत नाही.

आता, ताळा कसा घेऊ नये तेही सांगितले पाहिजे. काही विद्यार्थी आधी आज्ञावली चालवितात, जे उत्तर येईल ते उचलून चाचणीत 'अपेक्षित' म्हणून लिहितात, आणि मग चाचणी पास झाली म्हणून खूष होतात. हे म्हणजे उत्तरपत्रिका स्वतःच लिहून त्याच उत्तरपत्रिकेवरून स्वतः तपासणे झाले. अपेक्षित उत्तर बाहेरून आले पाहिजे. आपल्या उदाहरणात ते रेल्वेच्या छापील वेळापत्रकातून. म्हणूनच चाचणी आधी लिहिणे बरे. त्या वेळी नक्कल करायला आज्ञावली जागेवर नसतेच. आणि नवी चाचणी लिहिली की तिच्यावरही एकदा संशय घ्यावा: तुकड्यात मुद्दाम चूक घालावी, दहाचे अकरा करावे, आणि चाचणी ओरडते का ते पाहावे. ओरडली नाही तर ती झोपलेला पहारेकरी आहे.

यावर कोणी म्हणेल, एवढ्याशा आज्ञावलीला इतका खटाटोप कशाला? डोळ्यांनी एकदा पाहिले की पुरे. आज्ञावली जर कायम तशीच राहणार असती तर मीही हे मान्य केले असते. पण ती राहत नाही. २०२५ साली कोकण रेल्वेने पावसाळी वेळापत्रकाच्या तारखाच बदलल्या. ते १५ जूनला सुरू होऊन २० ऑक्टोबरला संपले. १४४ दिवसांचे १२८ झाले. म्हणजे तुमच्या सेवेत तारखा बदलणे आले, आणि बदलताना जुन्या वर्षांची उत्तरे बिघडू न देणे आले. '२०२४ च्या १२ जूनला मांडवी किती वाजता येणार होती?' याचे उत्तर पावसाळीच राहावयास हवे, आणि '२०२५ च्या १२ जूनला?' याचे नेहमीचे. ज्याच्याजवळ जुन्या चाचण्या लिहिलेल्या आहेत तो नव्या चार तारखांच्या चार ओळी त्यात घालतो, सगळ्या पुन्हा चालवितो आणि एका सेकंदाच्या आत त्याला कळते की नवे बरोबर झाले आणि जुने मोडले नाही. ज्याने डोळ्यांनी पाहिले होते त्याला सगळे पुन्हा डोळ्यांनी पाहावे लागते. आणि दुसऱ्या खेपेला माणूस कंटाळतो हे आपण सर्वजण जाणतो.

जुनी, सिद्ध झालेली आज्ञावली नव्या परिस्थितीत ताळा न घेता वापरली तर काय होते, याचे एक महागडे उदाहरण युरोपात घडले. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ या नव्या अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले. सुमारे ३७ सेकंदांनी त्याने मार्ग सोडला आणि तो हवेतच नष्ट झाला. सुदैवाने त्यात माणसे नव्हती. दिशा राखणाऱ्या यंत्रणेतील आज्ञावलीचा एक भाग आधीच्या एरियान-४ वरून उचलला होता. त्यात आडव्या वेगाशी निगडित असलेली एक मोठी संख्या १६ बिटांच्या लहान जागेत बसवावयाची होती, आणि त्या जागेत ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. एरियान-४ च्या मार्गावर ती मर्यादा कधी ओलांडलीच गेली नव्हती. एरियान-५ चा मार्ग निराळा होता. नंतर नेमलेल्या चौकशी मंडळाने दाखवून दिले की, नव्या मार्गाचे आकडे घालून ही यंत्रणा जमिनीवर तपासलेलीच नव्हती. येथेही चूक कडेलाच होती, हे तुमच्या लक्षात आले असेल.

मग सगळ्या चाचण्या पास झाल्या म्हणजे सेवा निर्दोष झाली काय? नाही. १,१८१ चा ताळा आठवा. डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीच बजावले होते की, चाचण्या चुका असल्याचे दाखवू शकतात, चुका नसल्याचे नव्हे. बदली नटाचाही एक धोका आहे. समजा, आपण बदली साठ्याला '१३:०५' असे बोलावयास पढविले आणि खरा साठा '१.०५ दु.' असे बोलतो. एकक-चाचण्या एकजात हिरव्या, आणि खरी सेवा पहिल्याच दिवशी आडवी! तेव्हा खऱ्या साठ्याशी, खऱ्या तारांवरून बोलून पाहणाऱ्या थोड्या मोठ्या चाचण्याही हव्यातच. तालीम कितीही झाली तरी खऱ्या नटांनिशी रंगीत तालीम चुकत नाही. मात्र तेवढ्यावरच विसंबणारे लोक मला पटत नाहीत. रंगीत तालमीत गोंधळ झाला तर तो कोणामुळे झाला हे हुडकण्यात रात्र जाते. एकक-चाचणी नेमक्या तुकड्याकडे बोट दाखविते.

या कामाला पैसा लागत नाही. पायथन ही भाषा शिकणाऱ्यांच्या संगणकात चाचण्यांची साधने भाषेबरोबरच येतात. जावा शिकणाऱ्यांसाठी केंट बेक आणि एरिक गामा या दोघांनी १९९७ च्या सुमारास जेयुनिट नावाचे साधन तयार केले आणि ते सर्वांना खुले ठेवले. लागते ती सवय. आणि सवय लागण्यासाठी शिक्षकांना माझी एक सूचना आहे. प्रात्यक्षिकाला वीस गुण असतील तर त्यांतील आठ चाचण्यांसाठी ठेवावेत. याहून चांगले म्हणजे, एका गटाच्या चाचण्यांनी दुसऱ्या गटाची आज्ञावली तपासावी. आपल्या आज्ञावलीवर आपली माया असते. शेजारच्या बाकावरच्या मुलीची नसते. ती ९ जून घालील, ३१ जून घालील, तारखेच्या जागी आपले नाव घालील, आणि तुमची सेवा आडवी झाली की टाळ्या पिटील!

अशा मुलीने विचारलेला एक प्रश्न देऊन ठेवतो. कोकणकन्या मुंबईहून रात्री अकराच्या सुमारास सुटते आणि रत्नागिरीला पोहोचते पहाटे, म्हणजे दुसऱ्या तारखेला. १४ जून २०२५ च्या रात्री सुटलेली कोकणकन्या रत्नागिरीला आली १५ जूनच्या पहाटे. तिच्यासाठी वेळापत्रक कोणते धरावयाचे, सुटण्याच्या तारखेचे की पोहोचण्याच्या? तुमच्या विनंतीत 'दिनांक' असा एकच शब्द आहे. तो यांपैकी कोणता दिनांक? आज्ञावली लिहिणाऱ्याच्या मनात हा प्रश्न सहसा येतच नाही. चाचणी लिहिणाऱ्याला तो टाळता येत नाही, कारण अपेक्षित उत्तराची जागा कोरी राहते. ती भरण्यासाठी आधी रेल्वेचे त्या वर्षीचे परिपत्रक मिळवा आणि त्यात काय म्हटले आहे ते नीट वाचा. मग चाचणी लिहा, आणि 'दिनांक' या शब्दाऐवजी कोणता शब्द घालावा लागतो ते पाहा.